न दिसणाऱ्या धुराचा पाइप

राजुरीहून आमच्या मळ्याकडे येताना घराच्या आधी न्हाणीच्या पत्र्यावरचा पाइप दिसतो. त्याच्या डोक्यावर पत्र्याचीच छोटी टोपी आहे. नवीन माणूस विचारतो, "न्हाणीत चूल मांडली का काय?" आप्पा फक्त हसतात. खरं कारण सांगायला बसलं तर चहा थंड होतो. म्हणून मीच ते एकदा नीट लिहून ठेवायचं ठरवलं. मला लिहायची फारशी सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच.

मागच्या थंडीत ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. तोवर आमच्याकडे अंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात तापायचं. बंब घराच्या मागे, उसाच्या बांधाला लागून ठेवलेला. तुराट्या आणि दाणे काढलेली मक्याची बुरकुंडं घालून आई पहाटे तो पेटवायची. पण त्या साली उसात बिबट्याचा वावर वाढला होता. शेजारच्यांचं कुत्रं गेलं आणि आप्पा म्हणाले, "आता अंधारात मागं जायचं न्हाई." बाळंतिणीला सकाळ-सकाळी भरपूर कढत पाणी लागणार, म्हणून त्यांनी आळेफाट्याहून गॅसचा गिझर आणला.

बसवणारा माणूस घाईत होता. त्यानं गिझर न्हाणीच्या भिंतीला ठोकला, पाण्याची आणि गॅसची नळी जोडली, पेटवून दाखवला आणि मोटरसायकलला किक मारता मारता म्हणाला, "खिडकी उघडी ठेवत जा." गिझरच्या डोक्यावर एक गोल तोंड होतं. ते कशासाठी, हे आम्ही विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. आई मात्र खूश होती. नळ सोडला की निळ्या ज्योती भप्पकन पेटायच्या, तेव्हा ती दर वेळी दचकायची आणि दर वेळी हसायची.

ताई बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली आणि घराची शिस्त बदलली. तिचे कान बांधले गेले, खाटेखाली शेक सुरू झाला, ओवा आणि बाळंतशेपाची धुरी सुरू झाली. न्हाऊ घालायला गावातली मावशी यायला लागली. अख्ख्या गावाच्या बाळंतिणी आणि बाळं तिच्याच हातून न्हालेली. आमच्याकडे बाळंतिणीला वारं लागू देत नाहीत. लागलं तर अंग धरतं, पुढं जन्मभर पाठ दुखते, असं सगळ्या बायका सांगतात. म्हणून आईनं जुनी गोधडी घडी करून न्हाणीच्या खिडकीत घट्ट कोंबली. दाराखालच्या फटीला पोतं लावलं. ताईच्या पाठीवर मावशी तांब्यामागून तांब्या कढत पाणी ओतत राहायची, आणि तेवढा सगळा वेळ गिझर चालू असायचा.

दोन-तीन अंघोळींनंतर ताई न्हाणीतून बाहेर आली ती भिंत धरूनच.

"डोकं गरगरतंय गं," ती म्हणाली. "कुणी डोक्यावर पाटा ठेवलाय असं वाटतंय."

"ओली बाळंतीण हाय, व्हतंय असं," मावशी म्हणाली. तिनं स्वतःही कपाळ दाबून धरलं होतं. "माझं बी दुखतंय. सकाळधरनं मिशेरी न्हाई मिळाली."

आईनं ताईला डिंकाचा लाडू जास्तीचा दिला. दुपारपर्यंत ताई बरी झाली. दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर तिला उलटी झाली. दुपारी परत बरी. मावशीनं त्या दिवशी भरपूर मिशेरी लावली होती, तरी तिचंही डोकं दुखलंच.

मी ताईच्या खाटेजवळ अभ्यास करत बसायचे. न्हाणीत दुखायचं आणि खोलीत थांबायचं, हे माझ्या लक्षात आलं आणि मग ते डोक्यातून जाईना. रसायनशास्त्राच्या पुस्तकात एक परिच्छेद होता. हवा कमी पडली तर जळण अर्धवट जळतं आणि एक वायू तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. कार्बन मोनॉक्साइड. परीक्षेत मी त्याचं उत्तर बरोबर लिहिलं होतं. पण ते पुस्तक इंग्रजीत, उत्तरही इंग्रजीत. घरात हे कुठल्या शब्दांत सांगायचं, ते मला सुचेना.

रात्री जेवताना मी धीर करून म्हणाले, "आई, गिझरचा गॅस न्हाणीत कोंडतो. त्यानं ताईला त्रास होतोय बहुतेक."

"गॅस गळतोय का? मला तर वास न्हाई आला."

"गळत नाही. जळल्यावर जो धूर होतो ना…"

"धूर कुठंय?" आईनं भाकरी थापता थापता विचारलं. "चुलीपाशी जलम गेला माझा. धूर झाला की डोळे चुरचुरत्यात, माणूस आपसूक बाहेर पळतंय. त्याच्यात धूर असता तर मला दिसला नसता व्हय?"

"हा दिसत नाही."

"मग त्याला धूर कशाला म्हणती?"

खरं तर एक वाक्य होतं, ज्यानं सगळे लगेच थांबले असते. माणूस मरतं त्यानं. पण ताई पाच हातांवर बाळाला पाजत बसली होती. बाळंतिणीच्या घरात मरणाचं नाव काढायचं नसतं. अशा दिवसांत आई साधं 'दिवा विझला' असंही म्हणत नाही. ते वाक्य माझ्या घशापर्यंत आलं आणि मी त्याच्यावर पाणी प्यायले.

त्यातच मावशी जाता जाता म्हणाली होती की बाळाची नाळ पडू दे, मग त्यालाही आतच न्हाऊ घालू. खोलीत थंडी लई लागती. एवढंसं पोर. माझ्या हाताच्या ओंजळीत त्याचं डोकं मावायचं. त्या रात्री मी पांघरुणात मोबाइल धरून वाचत राहिले, आणि जेवढं वाचलं तेवढी जास्त घाबरले.

सकाळी मी आईला खरं कारण न सांगता गिझरची गॅसची चावी बंद केली, बिघडलाय म्हणाले, आणि चुलीवर पाणी तापवायला लावलं. मग कॉलेजला गेले. वर्गात मी कधी प्रश्न विचारत नाही. मराठीतून विचारला तर मुलं हसतील असं वाटतं, आणि इंग्रजीतून मला जमत नाही. त्या दिवशी मी तास संपल्यावर प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहिले. रसायनशास्त्राचे सर बाहेर आले तेव्हा मी गोधडीपासून सांगायला सुरुवात केली. गोधडी, पोतं, मावशी, मिशेरी. मध्येच वाटलं, काय हे आपण सांगतोय. पण सर हसले नाहीत. त्यांनी हातातले कागद टेबलावर ठेवले.

"गिझर आत्ता चालू आहे का?"

"नाही सर. बंद करून आले."

"बरं केलंस. त्याच्या डोक्यावरच्या तोंडाला पत्र्याचा पाइप लावून वर छपराबाहेर काढा. आणि खाली हवा आत यायला जागा ठेवा. दोन्ही लागतं. एकानं भागत नाही. आणि तुझ्या वडलांना आजच सांग."

"घरात बोलता येत नाही सर. बाळंतीण आहे."

"मग घराबाहेर बोल," ते म्हणाले.

हे मला कसं सुचलं नव्हतं, कुणास ठाऊक. एसटीतून उतरले ती थेट कांद्याच्या वावरात गेले. आप्पा पाणी देत होते. मी बांधावर उभी राहून ते वाक्य एका दमात बोलून टाकलं. तिथं फक्त कांद्याची पात होती.

आप्पांनी खोरं खाली ठेवलं. "माणूस मरतं?"

"झोपल्यासारखं होतं आणि मग… हो."

"आन् बारकं?"

मी होकारार्थी मान हलवली. वाफ्याचं बारं फुटून पाणी वाहून चाललं होतं, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मग म्हणाले, "काल का न्हाई बोललीस?"

"घरात कसं बोलू?"

"ते बी खरं," ते म्हणाले. "ते बी खरंच."

संध्याकाळी त्यांनी आईला अंगणात नेऊन सगळं सांगितलं; तिला ते पुरतं पटलं नाही, पण पाइपाला ती नको म्हणाली नाही. दुसऱ्या दिवसापासून पाइप बसेपर्यंत आप्पांनी बंब पेटवला. पहाटे एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि खिशातल्या मोबाइलवर मोठ्या आवाजात बाजारभावाचे व्हिडिओ. आवाज असला की बिबट्या जवळ येत नाही म्हणतात. अंथरुणात पडल्या पडल्या आम्हाला नारायणगावचा टोमॅटोचा भाव ऐकू यायचा.

पाइपसाठी आप्पा आधी म्हणाले, "वावरात पीव्हीसीचे तुकडे पडल्यात की, त्यातलाच एक लावू." मी सांगितलं, तो उष्णतेनं मऊ पडेल. मग आम्ही जुन्नरला पत्र्याचं काम करणाऱ्या चाचांकडे गेलो. त्यांच्या दुकानात कोठ्या, घमेली, पन्हाळी असं सगळं टांगलेलं होतं. गिझरचा पाइप त्यांनी आजवर केला नव्हता. तसं त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"पण धूर काय, बंबाचा असो नायतर भट्टीचा, त्याला वरच जायचं असतं," ते म्हणाले. "माप घ्यायला येतो. भाभींना म्हणावं, चहा गुळाचा पाहिजे."

चाचा आले ते मोटरसायकलच्या मागे पत्र्याची गुंडाळी बांधूनच. मी कागदावर सरांनी सांगितलेलं काढून ठेवलं होतं. चाचांचा विचार पाइप खिडकीतून आडवा काढायचा होता, कारण पत्र्याला भोक पाडलं की पावसाळ्यात गळतं. मी कागद पुढे केला. आडवा जितका कमी तितका बरा, उभा जितका जास्त तितका चांगला. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"बेटा, तुझा कागद म्हणतो वर, आन् माझा पत्रा म्हणतो गळंल. दोघांचं ऐकू. वर काढू, आन् भोकाभोवती घागरा करू."

घागरा म्हणजे पाइपाभोवती खाली पसरत जाणारी पत्र्याची झालर. पाणी तिच्यावरून ओघळून जातं. ती त्यांनी अंगणात बसून कापली, ठोकली, रिबिटं मारली. ठोकण्याच्या आवाजानं बाळ दोनदा रडलं, तेव्हा चाचा हातोडी धरून ते गप्प होईपर्यंत थांबले. मग आप्पांनी शिडी धरली. पाइप गिझरच्या तोंडावर बसला, सरळ वर गेला, पत्र्यातून बाहेर निघाला. वर टोपी बसली, घागऱ्याच्या कडेनं डांबर लागलं.

"आता खाली एक भोक," चाचा म्हणाले आणि भिंतीच्या तळाशी छिन्नी टेकवली.

"ते कशाला?" आई दारात उभी होती.

"हवा यायला."

"हवा म्हंजी वारंच ना? थेट पोरीच्या पायाला लागंल. न्हाई चालायचं."

"भाभी, हवा न्हाई आली तर…"

"धूर जायला पाइप केलाय ना? केलाय. मग आता हवा कशाला? बंबाला कुठं आपण भोकं पाडतो?"

"बंब बाहेर असतो, आई," मी म्हणाले.

"तू गप. तुझ्या ताईची पाठ जन्माची गेली तर तुझं पुस्तक शेकणार हाय व्हय?"

तिचं चुकत होतं, पण ती जे राखत होती तेच मीही राखत होते. आप्पा शिडी आवरायच्या निमित्तानं बाहेर गेले.

मग आई ताईच्या खोलीत गेली आणि धुरीचं धुपाटणं घेऊन आली. त्यात चार निखारे, वर तिनं ओवा टाकला. "पेटवा तुमचा गिझर," ती म्हणाली. "वढतोय का बघू. वढत आसंल तर भोक नगं."

खिडकी आणि दार उघडंच होतं. मी नळ सोडला. ज्योती पेटल्या. आईनं धुपाटणं पाइपाच्या खालच्या तोंडाशी धरलं आणि ओव्याचा धूर सुरकन वर ओढला गेला. बाहेरून आप्पा ओरडले, "वर निघाला! ओव्याचा वास यायलाय!"

"झालं," आई म्हणाली. "बघा, वढतोय."

"आता रोजच्यासारखं करा, वहिनी," चाचा म्हणाले. भाभीची वहिनी कधी झाली ते त्यांनाही कळलं नसावं. "गोधडी लावा. दार लावा."

आईनं गोधडी कोंबली. दार ओढून पोतं पायानं सरकवलं. आत आम्ही तिघं. नळ चालूच. वाफ साचायला लागली. आईनं धुपाटणं परत तिथंच धरलं. थोडा वेळ धूर वर गेला. मग तो पाइपाच्या तोंडाशी अडखळल्यासारखा झाला, काठाकाठानं खाली वाकला आणि हळूहळू आईच्या तोंडावर आला.

आईनं धुपाटणं जरा पुढे केलं. धूर परत तिच्याकडेच.

"माघारी का येतंय हे?" तिनं विचारलं. आवाजात मघाची धार नव्हती.

"खालून आत काय येतच न्हाई," चाचा म्हणाले. "मग वर काय जाणार?"

आईनं स्वतःच दार उघडलं. धूर पुन्हा वर निघाला. ती दाराच्या चौकटीला टेकून तो जाताना बघत राहिली. धुपाटण्यातला ओवा जळून गेला, पाइपाच्या तोंडाशी काहीच दिसेना. गिझर तर तसाच चालू होता.

"म्हंजी आत्ता बी निघतंय," ती म्हणाली. "नुसतं दिसत न्हाई."

"हो," मी म्हणाले.

"आन् ती रोज ह्याच्याच खाली बसत व्हती."

मी नळ बंद केला. आई खोलीत गेली. ताई झोपलेली होती, बाळ तिच्या कुशीत. आईनं दोघांच्या नाकापुढं हात धरून पाहिला. मग बाहेर येऊन चाचांना म्हणाली, "पाडा भोक. पन मी सांगते तिथं."

तिनं न्हाणी नव्यानं लावली. भोक गिझरच्या बाजूच्या भिंतीला, अगदी खाली. ताईचा पाट समोरच्या कोपऱ्यात. भोक आणि पाट यांच्या मध्ये विटांचा कमरेएवढा आडोसा, म्हणजे वारं आलं तरी विटांवर आपटून वर जाईल. खिडकीतली गोधडी निघाली आणि खिडकीची वरची फळी कायमची उघडी राहिली. शिवाय तिनं स्वतःच एक जास्तीचा नियम काढला. घंगाळ आणि बादल्या आधी काठोकाठ भरून घ्यायच्या, गिझर बंद करायचा, आणि मगच ताईनं आत पाऊल टाकायचं. हे सरांनीही सांगितलं नव्हतं. मी त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, हे सगळ्यात उत्तम.

चाचांनी गुळाच्या चहाचे दोन कप घेतले आणि जाताना भोकाला उंदराची जाळी लावून दिली.

पहिल्या सकाळी मावशीनं विटांचा आडोसा पाहिला आणि नाक मुरडलं. "न्हाणी हाय का गोठा?" पण अंघोळ झाली. ताई बाहेर आली ती भिंत न धरता. केस पुसत म्हणाली, "आज भूक लागलीय गं लई." आई पाठमोरी होऊन चुलीतलं लाकूड सारखं करत राहिली. ते लाकूड आधीच सारखं होतं. मावशी शेक देताना म्हणाली, "मला आधीच वाटलं व्हतं, त्या डब्याचंच कायतरी हाय म्हणून." तिचंही डोकं त्या दिवशी दुखलं नव्हतं.

नाळ पडल्यावर बाळ आत न्हालं. आईनं मला बाहेर उभं केलं होतं, पत्र्यावरची टोपी दिसेल अशा जागी. पाणी भरून होईपर्यंत ती आतून विचारत होती, "निघतंय का गं?" थंडीत टोपीखालची हवा थरथरताना दिसायची. मी ओरडायचे, "निघतंय!" मग नळ बंद झाल्याचा आवाज, मग मावशीचं गुणगुणणं, आणि मग पायांवर पालथं घातलेल्या बाळाचं ते मोठ्ठं, रागीट रडणं. इतकं चांगलं रडणं मी ऐकलं नव्हतं.

ताईला न्यायला डिंगोऱ्याहून तिचे सासू-सासरे आले तेव्हा बाळ मान धरायला लागलं होतं. मुलीच्या माहेरच्यांनी व्याह्यांना काही शिकवायचं नसतं. आई तर त्यांच्यापुढं पदर सावरण्यापलीकडं बोलत नाही. पण त्या दिवशी चहा ठेवायच्या आधीच तिनं विहिणीचा हात धरला आणि तिला न्हाणीत नेलं. मागून ताई बाळाला घेऊन, आणि मी.

"तुमच्यात गॅसचाच गिझर हाय ना?"

"हाय की. दोन वर्सं झाली."

"पाइप हाय त्याला?"

"पाइप कशाला? धूर कुठं व्हतोय त्याचा?"

आईनं वर बोट दाखवलं, मग खाली, जाळी लावलेल्या भोकाकडं. मग ताईच्या देखत, बाळाच्या देखत, सरळ म्हणाली, "ईनबाई, माणूस मरतं त्यानं."

ताईनं दचकून आईकडं पाहिलं. मीही. आईनं ना जीभ चावली, ना कडाकडा बोटं मोडली. विहिणीनं हात वर करून पाइपाला लावून पाहिला, जणू आत काही हलतंय का ते कळेल.

"आमची न्हाणी तर हिच्याहून बारकी हाय बया," ती हळूच म्हणाली.

बाहेर येऊन तिनं सासऱ्यांना सांगितलं, "आज न्हाई न्यायचं पोरीला." आप्पांनी जुन्नरच्या चाचांचा नंबर लावून मोबाइल सासऱ्यांच्या हातात दिला. ताईची बांधलेली पिशवी आईनं परत सोडली, आणि मग चहा ठेवला.